एल्फांच्या राजघराण्यात गादी रिकामीच होत नाही, मग भांडायचं कशावरून?

प्रश्न असा आलाय की कादंबरीत एल्फांचा, म्हणजे फँटसीतल्या टोकदार कानांच्या, न मरणाऱ्या लोकांचा राजा आहे, तीन हजार वर्षं राज्य करतोय, दोन राण्या, थोरलीचा एक मुलगा, धाकटीचा एक मुलगा आणि एक मुलगी, आणि आता भावाभावांत फूट पाडायचीय. पण ड्राफ्ट वाचणारी मैत्रीण म्हणाली, हे सगळे टोकदार कान लावलेले सरदार वाटतात, आणि बाप मरणारच नाहीये तर हे भांडतायत कशाला. तू "ताई" म्हणून विचारलंयस म्हणून मी पण तू करूनच लिहिते. मैत्रिणीचं बरोबर आहे, आणि तिने जिथे बोट ठेवलंय तिथूनच सुरुवात करायला हवी.

मी १७ वर्षं हेच करतेय, फँटसीच्या ऑडिओ सिरियल लिहिणं आणि दुसऱ्यांच्या कादंबऱ्या एडिट करणं, इथेच पुण्यात बसून. माझ्या पहिल्या मोठ्या सिरियलमध्ये दोन एल्फ राजपुत्र मुकुटासाठी तब्बल ४० एपिसोड भांडले आणि मग एका शाळकरी मुलाने लिहून पाठवलं की त्यांचे बाबा मरणार नाहीत हे त्या दोघांना माहिती आहे ना? मी दोन दिवस तो मेसेज उघडून बघत होते. पुढचे सगळे एपिसोड नव्याने लिहिले, आणि तेव्हापासून कुठलंही एल्फ घराणं हातात आलं की पहिला प्रश्न हाच विचारते, इथे मरण आहे की नाही, आणि असेल तर कसलं.

कारण माणसांच्या राजघराण्यातलं सगळं राजकारण मरणावर चालतं. पुण्यातच बघ ना. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव पेशवे, वय १८ च्या आसपास, गारदी आत घुसले आणि आळ आला सख्ख्या काकावर. "ध चा मा" आपण शाळेपासून ऐकतोय, त्यात दंतकथा किती ते बाजूला ठेव. पुढचं बघ. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी धरलं, बारभाईंनी कारभार हातात घेतला, गंगाबाई पुरंदरावर बाळंत झाल्या, १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवरावांचा जन्म, मग इंग्रजांशी लढाया, तह, आणि डिसेंबर १७८३ मध्ये राघोबादादा कोपरगावला वारले. म्हणजे एवढा भयंकर प्रकार, पण १० वर्षांत त्यातला मुख्य माणूस गेला. पुढच्या पिढीत ते भांडण दुसऱ्या नावाने परत उघडलं, ते वेगळं.

आता हेच घराणं एल्फांचं आहे असं धर. काका मरत नाही. विधवा म्हातारी होत नाही. ज्यांनी ती किंकाळी ऐकली ते नोकर, कारकून, पहारेकरी सगळे जिवंत, सगळ्यांना सगळं काल घडल्यासारखं आठवतंय, आणि दर सणाला सगळे एकाच पंगतीला. तीन हजार वर्षं. आपल्याकडे माणूस गेला की बाराव्या-तेराव्याला न बोलणारे भाऊबंद सुद्धा येतात, आणि गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून निम्मी भांडणं तिथेच मिटतात. एल्फांना बारावं-तेरावं नाही. त्यांच्यात खातं बंदच होत नाही. मला या सगळ्या विषयात हे एवढंच महत्त्वाचं वाटतं, बाकी सगळं यातूनच निघतं: गादी रिकामी होत नाही म्हणून भांडण गादीचं नसतं, भांडण असतं मानाचं, आणि बापाच्या जवळ कोण याचं. आणि निष्ठा म्हणजे एकदा जीव देऊन टाकणं नाही, तर ज्याच्यावर राग आहे त्याच्याबरोबर न संपणारा काळ राहणं.

"लॉर्ड ऑफ द रिंग्ज" लिहिणाऱ्या टोल्किनचं नाव घेतल्याशिवाय इथे पुढे जाता येत नाही, कारण हा विचार त्याने मुळापासून केलाय. त्याच्या नोल्दोर एल्फांचा राजा फिन्वे. पहिली बायको मिरिएल. मुलगा झाला, फेआनोर, आणि त्या बाळंतपणात तिची सगळी शक्ती गेली, जगायची इच्छाच राहिली नाही, ती जाऊन झोपली आणि तिचा आत्मा शरीर सोडून गेला. आता अमर लोकांत हे किती विचित्र आहे बघ, ती मेली म्हणावं तर एल्फांचा आत्मा परत येऊ शकतो, आणि ती यायला तयार नाही. फिन्वेला दुसरं लग्न करायचंय. तर देवतांना बसून कायदा ठरवावा लागला, की पहिलीने कधीच परत न येण्याचं पक्कं केलं तरच दुसरं लग्न चालेल. म्हणजे मुलाच्या बाजूने बघ. वडिलांचं दुसरं लग्न झालं याचा अर्थ आईचा परतीचा रस्ता कायमचा बंद झाला. आपल्या गोष्टींत सावत्र आई येते तेव्हा सख्खी आई गेलेली असते, मुलाने कितीही आकांत केला तरी ती येणार नसते. इथे ती येऊ शकली असती. त्यानंतर सावत्र आई इंदिस कितीही प्रेमळ असो, तिच्या नुसत्या असण्यातच फेआनोरला आईचं नसणं दिसणार.

तुझ्या थोरल्या राणीचं तू एका ओळीत उरकलंयस, "थोरली राणी आता नव्हती." नव्हती म्हणजे काय? गेली, समुद्रापार गेली, झाडात विलीन झाली, रागावून माहेरी गेली? तुझ्या अख्ख्या कादंबरीचा पाया त्या एका ओळीखाली आहे.

आणि मग फेआनोरच्या मनात काय साठतं ते टोल्किनने एका उच्चारावर दाखवलंय, हे मला फार आवडतं. नोल्दोरांच्या भाषेत थ च्या जवळचा एक उच्चार होता, तो हळूहळू बदलून स झाला, भाषा बदलतातच. पण फेआनोरच्या आईच्या उपनावात तो थ होता, ती स्वतः तो कटाक्षाने पाळायची, आणि ती गेल्यावर फेआनोर हट्टाने थ म्हणत राहिला, आणि जो स म्हणेल तो माझ्या आईला नाकारतोय असं मानायला लागला. सावत्र भाऊ स म्हणणारे. एका अक्षरावर दरबाराचे दोन तट.

कोणाला हे ओढूनताणून वाटेल. मला नाही वाटत. माझी आई नागपूरकडची, पुण्यात ४० वर्षं काढली तरी फोनवर "काय करून राहिलीस" असंच विचारायची, आणि माझा भाऊ, जन्म सदाशिव पेठेतला, पक्का पुणेरी, तो तिला लहानपणापासून टोकायचा, असं नाही म्हणायचं गं आई. ती गेली आणि त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी एकदा भाऊ स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मला म्हणाला, "काय करून राहिलीस?" मी वळून बघितलं तर तो दुसरीकडे बघत होता. आता तो घरात तसंच बोलतो. वहिनी एकदा हसली तर दोन दिवस जेवला नाही नीट. फेआनोर लिहायला मला दुसरं काही लागलं नसतं.

पुढे दोन सावत्र भावांत जमेना, फेआनोरने सगळ्यांसमोर सावत्र भाऊ फिंगोल्फिनवर तलवार रोखली आणि देवतांनी फेआनोरला १२ वर्षांसाठी शहराबाहेर काढलं (तिथली वर्षं आपल्यापेक्षा बरीच लांब). इथपर्यंत कोणीही लिहील. पण मग बाप काय करतो? राजा फिन्वे मुकुट, शहर, बायको, बाकीची मुलं सगळं ठेवून थोरल्याबरोबर वनवासात जातो. माझ्या मते त्या घराण्याची फूट तलवारीने पडत नाही, ती इथे पडते. बापाने कोणाला शिक्षा केली नाही, कोणाला वारस नेमलं नाही, फक्त तो एका मुलाच्या घरी राहायला गेला. मागे फिंगोल्फिन शहर सांभाळतो, म्हणजे सत्ता त्याच्या हातात आली आणि बाप गेला. त्याला विचारलं असतं यातलं काय हवं तर त्याने काय सांगितलं असतं? हा प्रश्न तुझ्या धाकट्या राजपुत्राला विचार.

बरं, आता "सरदार वाटतात" या तक्रारीबद्दल. मला वाटतं त्यांचं वागणं सरदारांसारखं आहे हा प्रॉब्लेम नाहीये, तू नाती पातळ केलीयेस हा आहे. तू सगळीकडे "कझिन" लिहिलंयस. मराठीत लिहितेयस ना? मग तुझ्याकडे केवढं धन आहे. चुलत, आते, मामे, मावस, सावत्र, आणि जाऊ, दीर, नणंद, साडू, व्याही, आणि आजोळ, सासुरवाडी. यातल्या प्रत्येक शब्दात कोणी कोणाची बाजू घ्यायची हे आधीच भरलेलं आहे. चुलतभाऊ म्हटलं की वाटणी आली, भाऊबंदकी आली. मामेभाऊ म्हटलं की उन्हाळ्याची सुट्टी आली. एकाच राजवाड्यातले दोन तरुण, एक चुलत आणि एक मामे, वाचक त्यांना वेगळं वाचणारच, तू एक शब्द जास्त लिहायची गरज नाही.

टोल्किनच्याच गोष्टीला हे शब्द लावून बघ, कशी उघडते. फेआनोरची रत्नं शत्रूने चोरली, ती परत आणायला समुद्रापार निघालेल्या त्याच्या लोकांनी जहाजांसाठी किनाऱ्यावरच्या एल्फांना मारलं, एल्फांनी एल्फांना मारायची ती पहिली वेळ. सगळ्यात धाकटा भाऊ फिनार्फिन, तो पुढे परत फिरतो. त्याला भित्रा, मवाळ म्हणून लोक पटकन पुढे जातात. पण मेले ते कोण होते? ती त्याची सासुरवाडी. त्याची बायको तिथल्या राजाची मुलगी. म्हणजे त्याच्या भावाच्या माणसांनी त्याच्या बायकोच्या माहेरची माणसं मारली, आणि याला आता घरी जाऊन तिच्या डोळ्यांत बघायचंय. आणि त्याची मुलं, फिनरॉद, गॅलाड्रिएल वगैरे, ती परत फिरत नाहीत, पुढे जातात. त्यांचं ते आजोळ होतं. आजोळच्या रक्तावरून पुढे गेलेली मुलं. मग नव्या देशात राजा थिंगोल यांनाच आपल्या राज्यात पाय ठेवू देतो, बाकी नोल्दोरांना नाही, का तर ही मुलं त्याच्या भावाची नातवंडं. आणि एवढी जवळची असून ती त्याला आजोळी काय झालं ते कितीतरी काळ सांगत नाहीत, आणि शेवटी कळतं तेव्हा तो नोल्दोरांची भाषाच आपल्या राज्यात बंद करून टाकतो. परत भाषा बघ. काकांना वाचवायला चूप राहायचं की आजोबांच्या भावाला खरं सांगायचं, याला मी निष्ठेचा प्रश्न म्हणते.

मामा-भाच्याचं नातं तर मराठी वाचकाच्या इतकं जवळचं आहे की तिथे फार जपून लिहावं लागतं. एक उदाहरण देते, कारण मी स्वतः इथे अडकले होते. टोल्किनच्याच गोष्टीत लपलेल्या शहराचा राजा तुर्गोन, त्याची बहीण आरेधेल, तिचा मुलगा माएग्लिन. आईबाप गेल्यावर हा मामाकडे वाढतो, मामा त्याला मोठा करतो, आणि हा प्रेमात पडतो मामाच्या मुलीच्या, इद्रिलच्या. ते प्रेम चूक आहे, एल्फांमध्ये इतक्या जवळच्या नात्यात लग्न करत नाहीत, तिलाही तो नको असतो, आणि त्या कुढण्यातून शेवटी तो शहराचा घात करतो. आता मी एका वर्कशॉपमध्ये ही गोष्ट सांगितली तर समोरच्या निम्म्या लोकांना कळेचना की चुकलं काय. मामाचीच मुलगी ना? आपल्याकडे कितीतरी समाजांत मामाची मुलगी म्हणजे हक्काची. राजाराम महाराजांचंच बघ, आई सोयराबाई, सोयराबाईंचे भाऊ हंबीरराव मोहिते, आणि हंबीररावांची मुलगी ताराबाई, म्हणजे राजाराम महाराजांचं लग्न मामाच्या मुलीशीच झालं. मग माएग्लिनची तडफड मराठी वाचकाला दुसऱ्याच जागी लागते, त्याला वाटतं मामाने अन्याय केला, मुलगी परक्या माणसाला दिली. म्हणून तुझ्या राजघराण्यात कोणाशी लग्न चालतं आणि कोणाशी नाही हे पहिल्या ५० पानांत दिसायला हवं, एखाद्या साध्या सीनमध्ये, कोणीतरी सहज बोलून जावं. नाहीतर तू लिहिशील एक आणि वाचक वाचेल दुसरंच.

हंबीररावांचं नाव आलंच आहे तर, निष्ठा म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी त्यांचंच नाव घेते. १६८० मध्ये शिवाजी महाराज गेले, सोयराबाईंच्या बाजूच्या लोकांनी लहान राजारामाला गादीवर बसवलं. हंबीरराव सरनोबत, फौज हातात, राजाराम सख्ख्या बहिणीचा मुलगा. कोणीही धरून चाललं असतं की मामा भाच्यामागे उभा राहणार. ते संभाजी महाराजांच्या बाजूने गेले. बहिणीच्या विरुद्ध, भाच्याच्या विरुद्ध. आणि तरीही पुढे त्याच भाच्याला मुलगी दिली गेली, म्हणजे नातं तुटलं नाही, ते ते ओझं घेऊन पुढे चालू राहिलं. १६८७ ला वाईजवळच्या लढाईत ते पडले. मला त्यांच्याबद्दल लिहिताना नेहमी वाटतं, त्यांच्या आणि सोयराबाईंच्यात नंतर काय बोलणं झालं असेल? माणसांकडे त्याला फार वेळ नव्हता, सोयराबाई दीडेक वर्षातच गेल्या. तुझ्या एल्फांकडे वेळच वेळ आहे. तो बहीण-भावाचा सीन लिही. निर्णयानंतर ४०० वर्षांनी, एका खोलीत दोघंच.

एल्फांच्या बाजूला याच जातीचा माणूस म्हणजे केलेब्रिंबोर, फेआनोरचा नातू. बाप कुरुफिन आणि काका ज्या राजाच्या आसऱ्याला होते त्याच्याच राज्यात फितुरी करतात, राजा फिनरॉद मरतो, या दोघांना हाकलून देतात, आणि मुलगा बापाबरोबर जात नाही, मागे राहतो. तलवार नाही, भाषण नाही, नुसतं मागे राहणं.

शपथेबद्दल थोडं, कारण तुझ्या तिसऱ्या भागात सगळे उठसूट शपथा घेतायत. फेआनोरने आणि त्याच्या सात मुलांनी त्या रत्नांसाठी घेतलेली शपथ हजारो नोल्दोरांना बुडवते, कारण अमर माणसाची शपथ संपत नाही. माणूस म्हणतो मरेपर्यंत, आणि ते ४०-५० वर्षांत पुरं होतं. एल्फ म्हणतो तेव्हा खरोखर शेवट नाही. म्हणून एका कादंबरीत एकच शपथ ठेव, फार तर दोन, आणि दोन असतील तर त्या एकमेकींना आडव्या येऊ देत. फिनरॉदचं तेच झालं, त्याने युद्धात जीव वाचवणाऱ्या एका मर्त्य माणसाला वचन दिलं होतं, ते पाळायला गेला आणि चुलत भावांची शपथ आडवी आली. आणि शपथ रक्ताच्या वर जात नाही हेही दाखवायचं असेल तर फेआनोरचा थोरला मुलगा माएध्रोस बघ, शत्रूने त्याला कड्यावर एका हाताने लटकवलेलं असतं आणि त्याला सोडवायला येतो तो फिंगॉन, फिंगोल्फिनचा मुलगा, म्हणजे सावत्र चुलतभाऊ, ज्याच्या लोकांना याच्या बापाने जहाजं जाळून बर्फावरून चालत यायला लावलं होतं. मनगट कापून त्याला सोडवतो. आणि माएध्रोस बरा झाल्यावर राजेपण काकाच्या, म्हणजे फिंगोल्फिनच्या हवाली करतो. त्याच्या भावांना ते आवडत नाही. गादी इथे हलते खरी, पण बघ कशाच्या बदल्यात हलते.

वयाचं लवकर उरकते. सगळीकडे एल्फ अमर नसतात. "डंजन्स अँड ड्रॅगन्स" या टेबलटॉप गेममधले एल्फ ७५० वर्षांच्या आसपास जगतात, तिथे वारसा येतो, फक्त उशिरा येतो, आणि ६०० वर्षांचा युवराज ही फार दुःखी गोष्ट होते. त्याच गेममधले जमिनीखालचे काळे एल्फ घ्यायचे तर तिथे घराणी आयांची, सत्ता मुलींकडे, भावाला किंमत कमी. तू कुठलं घेतेस ते एकदा ठरव आणि मग हलू नकोस. तुझ्या ड्राफ्टमध्ये राजा अमर आहे पण त्याचे वडील "म्हातारपणाने" गेले, असं पान ७१ वर आहे.

वाढवलेल्या मुलांबद्दल तू विचारलं नाहीस पण तुझ्या गोष्टीत तो सैनिकाचा पोरगा आहे ना राजवाड्यात वाढणारा, म्हणून सांगते. आपल्याला लगेच दत्तक आठवतो. पण दत्तक म्हणजे एका वंशातून नाव काढून दुसऱ्यात लावणं. मी वडिलांबरोबर एकदा नाशिकला आमच्या उपाध्यांकडे गेले होते. त्यांनी लांबट, लाल कापडात बांधलेली नामावळीची चोपडी काढली, पानं उलटत उलटत पणजोबांच्या सहीवर थांबले, मोडीत लिहिलेली. खाली भावांची नावं. एक नाव नव्हतं. वडील म्हणाले, गोपाळकाका? ते दत्तक गेले ना, उपाध्ये म्हणाले, त्यांचं नाव त्या घराच्या पानावर. वडिलांनी त्या मोकळ्या जागेवर अंगठा ठेवला तो बराच वेळ उचललाच नाही. वडिलांनी या काकांना कधी बघितलंही नव्हतं.

एल्फांच्या गोष्टीत बहुतेक असं नसतं. तिथे मूल दुसरीकडे वाढतं पण आपल्याच वंशाचं राहतं. एल्रॉन्ड आणि एल्रोस हे जुळे भाऊ लहान असताना फेआनोरच्या उरलेल्या मुलांनी त्यांच्या वस्तीवर हल्ला केला, घर गेलं, आई गेली, आणि त्याच हल्लेखोरांपैकी माग्लोरने या दोघांना जवळ घेऊन वाढवलं. आणि त्यांच्यात प्रेम निर्माण झालं. ज्याने घर जाळलं त्याच्यावर माया बसते, हे लिहायला कोणी धजत नाही कारण वाचक रागावेल अशी भीती असते. लिही. तुझ्या सैनिकाच्या पोराला राजाबद्दल नुसता राग आहे, ते सोपं आहे. त्याला राजाने घोड्यावर बसायला शिकवलं असेल तर?

आता एक काम. अप्पा बळवंत चौकात खाकी कागदाचा मोठा रोल मिळतो, तो आण आणि भिंतीला लाव. वंशावळ तीन रंगांत काढ, काळ्या पेनाने जन्माची नाती, हिरव्याने लग्नाची, लाल रंगाने वचनं आणि उपकार. मी प्रत्येक पुस्तकाला हे करते. जिथे एका माणसाकडे तीन रंगांच्या रेघा तीन वेगवेगळ्या दिशांनी ओढतात तिथे तुझा सीन आहे. तुझ्या धाकट्या राजकन्येकडे आत्ता फक्त काळी रेघ आहे म्हणून ती प्रत्येक सीनमध्ये खिडकीजवळ उभी असते.

आणि दरबाराला अशा काही रीती दे ज्या ठरलेल्या नातेवाइकाशिवाय होऊच शकत नाहीत. टिळक रोडवरच्या एका कार्यालयात मी एक लग्न बघितलं, मुलीचे वडील आणि मामा ११ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, जमिनीचं काहीतरी. मुहूर्त जवळ आला, अंतरपाट धरला, भटजींनी नेहमीप्रमाणे माईकवरून सांगितलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. हॉल गप्प. मुलीच्या आईने तोंडावर पदर धरला होता. आणि मागच्या दारातून मामा आले, साधा पांढरा शर्ट, फेटा सुद्धा नाही, मुलीचा हात धरून तिला बोहल्यापर्यंत आणली आणि तिच्या मागे उभे राहिले, अक्षता संपेपर्यंत. वडिलांकडे बघितलं नाही. जेवले पण नाहीत. पण ती जागा दुसऱ्या कोणाची नव्हती, आणि ती रिकामी ठेवणं त्यांना जमलं नाही. राग तसाच होता आणि नातंही तसंच होतं, दोन्ही एकाच वेळी त्या माणसाच्या अंगावर दिसत होतं.

तुझ्या राजवाड्यात अशी जागा कुठली? राजाच्या हातात दर शंभर वर्षांनी दिवा थोरल्या मुलानेच द्यायचा असेल, आणि थोरला सीमेपलीकडे जाऊन बसला असेल, तर तो दिवा घेऊन येतो का? कोणाच्या परवानगीने दरवाजा उघडतो? धाकटा भाऊ दाराशी उभा असतो का? तुझा दुसरा भाग लढाईने सुरू होतोय, ती लढाई काढ आणि इथून सुरू कर. थोरला येतो, दिवा देतो, बापाच्या हाताला हात लागतो, आणि तो न बोलता परत जायला वळतो तेव्हा बाप त्याला त्याच्या आईने ठेवलेल्या नावाने हाक मारतो, जे नाव त्या राजवाड्यात १२०० वर्षं कोणी उच्चारलेलं नाही. धाकटी राणी शेजारीच बसलेली आहे. तिच्या चेहऱ्यावर काय येतं ते मला लिहून पाठव, मग पुढचं बोलू.